टीजेची प्रवेश परीक्षा गेली ते बरंच झालं

सेंटरव्हिलकर

उत्तर व्हर्जिनियात चार मराठी घरं जेवायला जमली आणि त्यात कुणाचं मूल सातवी-आठवीत असलं, की टीजेचा विषय निघतोच. सूर एकच असतो: आपल्या मुलांवर अन्याय झाला. मला तसं वाटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

बाहेरच्यांसाठी पार्श्वभूमी. थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजेच टीजे, ही फेअरफॅक्स काउंटीतली १९८५ पासूनची सरकारी शाळा. फी नाही, आणि प्रयोगशाळा अशा की कॉलेजांनी हेवा करावा. २०२० पर्यंत प्रवेशाला परीक्षा होती आणि अर्जाचे १०० डॉलर. त्या वर्षी ४८६ मुलं निवडली गेली. त्यांत कृष्णवर्णीय मुलं इतकी थोडी, की काउंटीने आकडा छापलाच नाही. दहाच्या आतला आकडा ते छापत नाहीत. गरीब घरातली मुलं एक टक्कासुद्धा नव्हती. २०२० च्या अखेरीस स्कूल बोर्डाने परीक्षा आणि अर्जाची फी दोन्ही काढली, जागा वाढवून ५५० केल्या आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून दिल्या. आता गुण, निबंध आणि घरची परिस्थिती बघतात. तपासणाऱ्याला मुलाचं नाव किंवा वंश कळत नाही. पुढच्याच वर्षी गरीब घरातली मुलं २५ टक्के झाली. आशियाई मुलांचं प्रमाण ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं, त्यावरून पालकांची संघटना कोर्टात गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

मी दर शनिवारी एका पब्लिक लायब्ररीत मुलांना गृहपाठात मदत करायला बसतो. सातवीतली एक मुलगी येते. घरी स्पॅनिश बोलतात. दोन धाकट्या भावांना चित्रांच्या पुस्तकांपाशी बसवते, मग स्वतःची वही उघडते. परवा प्रमाणाचं एक गणित होतं, मी म्हटलं समीकरण मांड. तिने वहीच्या कडेला चौकोन काढून उत्तर आधीच काढलं होतं, आणि तिची रीत माझ्यापेक्षा छोटी होती. टीजे हे नाव तिने कधी ऐकलेलं नव्हतं. परीक्षा होती तेव्हा अशाच शनिवारी तिथून दहा मिनिटांवरच्या क्लासमध्ये तिच्याच वयाची मुलं घड्याळ लावून जुन्या परीक्षांसारखे पेपर सोडवायची, दोन-दोन वर्षं, हजारो डॉलर भरून. या दोघांना एका पेपरला बसवून जो आकडा येतो, त्याला मी गुणवत्ता म्हणायला तयार नाही.

लाउडनवासी

पूर्ण असहमत.

परीक्षा हा एकच असा दरवाजा होता जिथे तुमचे आईवडील कोण, तुमचं इंग्रजी किती गुळगुळीत, याला किंमत नव्हती. निबंध सुंदर कुणाचा होतो? ज्याच्या घरी वाचून दुरुस्त करणारं कुणी आहे त्याचा. क्लासवाल्यांनी निबंधाचे वर्ग काढले आहेतच, म्हणजे पैशाचा प्रश्न होता तिथेच राहिला. कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली, डार्टमथ कॉलेजने २०२४ मध्ये. डार्टमथचं म्हणणं असं होतं, की सॅट ऐच्छिक केल्यावर गरीब घरातली हुशार मुलंच आपले गुण लपवायला लागली, जे दाखवले असते तर त्यांचा फायदा झाला असता.

आणि दीड टक्क्याचं गणित बघा. ज्या मिडल स्कूलमध्ये हुशार मुलं जास्त, तिथे त्यांची स्पर्धा आपसातच. तेच मूल दुसऱ्या हद्दीत राहत असतं तर आत गेलं असतं. हा कुठला न्याय? २०२२ मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीश क्लॉड हिल्टन यांनी याला वांशिक समतोल साधायचा प्रकार ठरवून घटनाबाह्य म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टातही न्यायाधीश अलिटो आणि थॉमस यांनी लेखी असहमती नोंदवली. म्हणजे हे काही फक्त जेवणाच्या टेबलावरचं रडगाणं नाही.

अनाहूत

लाउडनवासींशी १००% सहमत. आपण तिकडे ओपनमधून लढलो, दोन बॅगा घेऊन इथे आलो, कुणाकडे काही मागितलं नाही. आता इथेही तेच सुरू. कष्ट करणाऱ्यालाच शिक्षा.

सेंटरव्हिलकर

लाउडनवासी, हिल्टन यांचा निकाल मे २०२३ मध्ये अपील कोर्टाने २ विरुद्ध १ ने फिरवला, तेही सांगायला हवं होतं. त्या निकालातला एक आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गरीब घरातली आशियाई मुलं जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी किती निवडली गेली? एक. नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी ५१. 'आशियाई मुलांवर अन्याय' म्हणताना ही ५० मुलं आपल्या डोळ्यांसमोर का येत नाहीत? त्यांचे आईवडील आपल्या जेवणाला नसतात म्हणून.

वेणू

इथल्याच एका मिडल स्कूलमध्ये बरीच वर्षं गणित शिकवते. बराच वेळ वाचत होते, आता लिहिते.

अनाहूत, 'कुणाकडे काही मागितलं नाही' हे मनाला लागलं. आपण या काउंटीत घरं घेतली ती शाळा बघून. त्या शाळा कशा झाल्या ते बघा. १९५४ पर्यंत फेअरफॅक्स काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही हायस्कूल नव्हतं. त्यांना शिकायला मनॅसस किंवा वॉशिंग्टनला जावं लागायचं. १९५४ मध्ये त्यांच्यासाठी ल्यूथर जॅक्सन हायस्कूल निघालं. आज तिथे मिडल स्कूल आहे. याच राज्यात प्रिन्स एडवर्ड काउंटीने गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायला नको म्हणून १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. पाच वर्षं! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली, बाकीची मुलं घरी. त्यांची नातवंडं आज शाळेत जातात. आणि आपल्याला ज्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने या देशाचं दार उघडलं, तो नागरी हक्कांच्या त्याच लढ्याच्या लाटेत मंजूर झाला. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या कमाईवर आपण आलो आहोत. 'मागितलं नाही' हे खरं असेल, पण मिळालं भरपूर.

आता मूळ विषय. तुम्ही दोघं आठवीवर भांडताय, आणि निवड दुसरीत होऊन गेलेली असते. या काउंटीत दुसरीत क्षमता चाचणी होते आणि तिसरीपासून पुढच्या गतीचे वर्ग सुरू होतात. ज्या पालकांना ठाऊक असतं ते स्वतः शिफारस करतात, कामाचे नमुने जोडून फाईल देतात, नकार आला तर अपील करतात. हे सगळं नियमात बसतं, गैर काही नाही. पण रात्रपाळी करणारी आई ही फाईल कधी करणार? मग सहावीनंतर एक मूल सातवीतच अल्जिब्रा घेतं आणि दुसरं साध्या गणितात राहतं. टीजेला अर्ज करायचा तर आठवीत किमान अल्जिब्रा लागतोच. माझ्या वर्गात साध्या गणितात बसलेली मुलं मला दर वर्षी दिसतात, ज्यांना एक वर्ष आधी कुणी हात दिला असता तर ती तिकडच्या वर्गात असती. त्यांचा निबंध वाचायचा की पेपर तपासायचा, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

लाउडनवासी

वेणूताई, इतिहासाबद्दल वाद नाही. पण त्याची भरपाई तेरा वर्षांच्या मुलाकडून का घ्यायची, ज्याने काही केलेलं नाही?

आणि समतेच्या नावाखाली काय होतं ते सॅन फ्रान्सिस्कोत बघा. २०१४ मध्ये त्यांनी आठवीतून अल्जिब्रा काढूनच टाकला, सगळ्यांना एकाच वर्गात बसवलं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर शिकवलं, बाकीच्यांची मुलं अडकली. मार्च २०२४ मध्ये मतदान झालं आणि पाचातल्या चारांनी 'परत आणा' म्हटलं. टीजेसुद्धा यूएस न्यूज मासिकाच्या शाळांच्या क्रमवारीत पहिला होता, २०२४ मध्ये चौदावा.

सेंटरव्हिलकर

चौदावा नंबर आला तेव्हा मोजलेली बारावीची तुकडी जुन्या परीक्षेतूनच आलेली होती. तो आकडा नव्या मुलांच्या माथी मारू नका.

सॅन फ्रान्सिस्कोबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. वरची पायरी काढून टाकणं म्हणजे समता नव्हे. टीजेने पायरी काढलेली नाही, अभ्यासक्रम तोच आहे.

वेणू

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचं उदाहरण दोघांनी बघावं असं आहे. तिथे हुशार मुलांच्या खास वर्गांसाठी आधी शिक्षक किंवा पालक सुचवतील त्याच मुलांची चाचणी व्हायची. २००५ च्या सुमारास त्यांनी दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घ्यायला सुरुवात केली, शाळेच्या वेळात, फुकट. निकष कमी केले नाहीत. त्या वर्गांत गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या ठळकपणे वाढली. ती मुलं आधीही तिथेच होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच. मग मंदीत पैसे कमी पडले, सरसकट चाचणी थांबवली, आणि प्रमाण पुन्हा खाली आलं.

लाउडनवासी, या उदाहरणात तुम्हाला हवी ती परीक्षा आहे आणि सेंटरव्हिलकरांची लायब्ररीतली मुलगीही आहे.

लाउडनवासी

हे मला चालेल. दीड टक्काही चालेल एक वेळ, पण शाळेच्या आत निवड करताना गणिताचा पेपर हवा. निबंधावर माझा विश्वास नाही आणि बसणारही नाही.

सेंटरव्हिलकर

पेपर घ्या, पण आठवीतल्या प्रत्येक मुलाचा घ्या, अर्ज केलेल्यांचाच नको. मंगळवारी सकाळी वर्गात, रोजच्या बाकावर. आणि दर वर्षी प्रश्नांची धाटणी बदला, म्हणजे दोन वर्षांच्या क्लासला काही अर्थ उरणार नाही. दीड टक्का जागा मात्र तशाच ठेवायच्या, त्यावर मी मागे येणार नाही.

अनाहूत

प्रत्येक मुलाची परीक्षा म्हणजे खर्च आला. तो प्रॉपर्टी टॅक्समधूनच जाणार ना?

वेणू

हो, प्रॉपर्टी टॅक्समधूनच. पुढच्या बजेटच्या जाहीर सुनावणीला मी नाव नोंदवून बोलणार आहे, तीन मिनिटं मिळतात. तुमच्यापैकी कुणी येणार असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. ज्यांची मुलं टीजेला जाणार नाहीत, असे पालकही सोबत असले तर फार बरं होईल.