पाटलीपुत्राचा लाकडी तट

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगास्थनीस याचं पाटलीपुत्राचं (आजच्या पाटण्याचं) वर्णन म्हणजे निव्वळ अतिशयोक्ती. त्याने तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे सांगितलेत; हे आकडे कुणी तपासून दाखवलेले नाहीत, हे मान्य. पण त्याने सांगितलेल्या लाकडी तटबंदीचं काय? पाटण्यात बुलंदीबागेच्या उत्खननात साल लाकडाच्या खांबांच्या समांतर रांगा प्रत्यक्ष सापडल्या आहेत! ओल्या गाळात गाडलं गेलं म्हणून ते लाकूड टिकलं. नदीकाठची शहरं पुरामुळे लाकडाची बांधत, हे कारणही ग्रीक वृत्तांतात दिलेलं आहे.

पाटण्यातल्याच कुम्हरार या उत्खनन-स्थळाबद्दलही सांगायलाच हवं. तिथे १९१२-१३ मध्ये पुरातत्त्वज्ञ स्पूनरने खोदकाम केलं, खर्च सर रतन टाटांचा. चुनारच्या वालुकाश्माचे गुळगुळीत खांब असलेलं सभागृह निघालं. पुढे १९५१ ते ५५ दरम्यान तिथे पुन्हा उत्खनन केलं ते आपल्या इतिहासकार अ. स. अळतेकरांनी. त्यांना गुप्तकालीन ‘आरोग्यविहार’ सापडला, मुद्रेवर नावासकट. मला तर त्या सभागृहापेक्षा भिक्षूंचं हे रुग्णालय जास्त मोलाचं वाटतं. त्यावर इथे अजून एक ओळही आलेली नाही.

बाकीचं शहर आजच्या पाटण्याखाली आहे, त्यामुळे सलग उत्खनन होणं अवघडच.