सोसायटी ग्रुप: मानेंच्या थोरलीचं एमएसडब्ल्यू

माने (बी-३०४): मंडळी एक विचारायचं होतं. आमची थोरली बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला हाय, परवापास्नं तिनं काढलंय एमएसडब्ल्यू, मास्टर ऑफ सोशल वर्क म्हणतात ते, करायचं म्हणून. मला वाटलेलं बँकेच्या परीक्षा देईल. हे नेमकं काय असतंय आणि पुढं पोटापाण्याचं काय, कुणाला म्हायती असल तर सांगा. चेष्टा नको, घरात वातावरण गरम हाय

पिंटू (ए-१०१): काका समाजसेवाच करायची तर पार्किंगमधली ती पडीक स्प्लेंडर हलवायला सांगा की तिला, हितनंच सुरुवात

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. १० ते १ पाणी बंद. कृपया भरून ठेवणे.

जोशी सर (ए-२०२): माने, पोरीला नाउमेद करू नका. ज्या गावात शाहू महाराजांनी जातीजातीची बोर्डिंगं उभी केली त्या गावात समाजकार्य शिकून काय होतं असं विचारता?

पिंटू (ए-१०१): सर सुरू झाले

शिंदे वहिनी (सी-१०३): माने भाऊजी, मी स्वतः एमएसडब्ल्यू आहे. सगळे मी कंपनीत एचआरला आहे एवढंच धरून चालतात म्हणून बोलले नाही कधी. शिरोली एमआयडीसीत वेल्फेअर ऑफिसर आहे मी. कारखान्यात ठराविक संख्येच्या वर कामगार असले की कायद्यानं वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागतो, त्या खुर्चीवर एमएसडब्ल्यूवाले असतात. बाकी हॉस्पिटलं, बालकल्याण, कंपन्यांचं सीएसआर म्हणजे समाजासाठीचं काम, एनजीओ. आता पगाराचं खरं सांगते, एनजीओत सुरुवातीचा आकडा ऐकून तुम्ही खुर्चीतनं उठाल, आणि प्रोजेक्ट संपला की नोकरीपण संपते असं बऱ्याच ठिकाणी होतं. हे मी लपवणार नाही, कारण दोन वर्षांनी तुम्हीच मला जिन्यात गाठाल.

आणि सर, तुमचं बोर्डिंगचं उदाहरण मला फार आवडलं, फक्त मी ते वेगळं वाचते. महाराजांनी पोरांना एक वेळचं जेवण वाटून घरी पाठवलं नाही. खेड्यातली पोरं शिकायला कोल्हापुरात येत का नाहीत ते बघितलं, राहायला जागा नाही हे कळलं, मग १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग झालं. एमएसडब्ल्यूत दोन वर्षं हेच शिकवतात, आधी विचार, मग दे.

कुलकर्णी काकू (बी-१०१): म्हणजे आम्ही पुरात कपडे दिले ते चुकलं का 🙏

शिंदे वहिनी (सी-१०३): काकू चुकलं नाही हो, पण २०१९ च्या पुरात आपल्या सोसायटीतनं टेम्पोभर जुने कपडे गेले आठवतंय का, मी छावणीवर होते, अर्धे तसेच पडून राहिले. बायकांना पाहिजे होतं पॅड, कोरडी अंतर्वस्त्रं, मोबाईल चार्ज करायला प्लग, आणि भिजलेल्या कागदांचं काय करायचं ते सांगणारं माणूस. ते विचारलंच नव्हतं ना आपण. मीपण नाही, एमएसडब्ल्यू असून.

माने (बी-३०४): वहिनी पण बीकॉमवाल्यांना घेतात का? तिनं काय असलं शिकलेलं न्हाई

शिंदे वहिनी (सी-१०३): कुठलीही पदवी चालते, बीएसडब्ल्यूच, म्हणजे समाजकार्यातलीच पदवी, पाहिजे असं नाही. शेवटच्या वर्षात असतानापण फॉर्म भरता येतो. थोरलीलाच बोलू द्या की, ती आहे ना ग्रुपवर

ऋतुजा माने: आहे काकी. सगळं वाचालोय. पप्पांनी ग्रुपवर टाकलंय बघून जेवण जाईना

ऋतुजा माने: मला खरं म्हणजे समाजसेवेची आवड वगैरे काय नाही. एक झालं होतं. आपल्या ओळखीतल्या एका बाईंच्या नवऱ्याला ऑपरेशन सांगितलेलं, मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये, बिलाचा अंदाज ऐकून त्या रडालत्या. मी मोबाईलवर वाचलेलं की धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांना ठेवाव्या लागतात. तर मी लई हुशारीनं त्यांना सांगितलं तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढा. त्या बिचाऱ्या काम बुडवून गेल्या, खाडा पडला, वर एक कागद कमी म्हणून परत पाठवलं, दुसरा खाडा. आणि हॉस्पिटलमध्ये काउंटरमागं एक मॅडम होत्या त्यांनी नुसतं रेशनकार्ड बघितलं आणि म्हणाल्या अहो पिवळं आहे ना, मग दाखल्याशिवाय पण चालतंय. म्हणजे दोन दिवसांची मजुरी माझ्यामुळं गेली. त्या मॅडमच्या गळ्यातल्या कार्डावर मेडिकल सोशल वर्कर लिहिलेलं. तेव्हा मला कळलं की हे एक काम असतंय आणि ते शिकावं लागतंय

पिंटू (ए-१०१): अगं म्हणजे आपल्या झाडूवाल्या

*हा मेसेज डिलीट केला गेला आहे*

शिंदे वहिनी (सी-१०३): बरं केलंस डिलीट केलंस पिंटू. ऋतुजा, तू नाव घेतलं नाहीस ते बरोबर, पण "आपल्या ओळखीतल्या" म्हटलंस आणि ९६ घरांच्या ग्रुपवर ऑपरेशनचं सांगितलंस, दोन मिनिटांत ओळखलं की नाही? नाव न घेणं म्हणजे गोपनीयता नाही, ओळखता येऊ नये म्हणजे गोपनीयता. आमच्या पहिल्या सेमिस्टरला माझ्या रिपोर्टवर मॅडमनी लाल पेनानं एवढंच लिहिलेलं, "गल्ली कळते." मी नाव बदललेलं, पण पिठाच्या गिरणीसमोरचं घर असं लिहून बसले होते.

ऋतुजा माने: सॉरी काकी. डिलीट करते

कुलकर्णी काकू (बी-१०१): मी काहीच वाचलं नाही गं बाळा

जोशी सर (ए-२०२): मी वाचले. पण विसरलो.

माने (बी-३०४): हे मला का न्हाई सांगितलंस

ऋतुजा माने: पप्पा तुम्ही म्हणला असता कशाला नसत्या भानगडीत

शिंदे वहिनी (सी-१०३): भाऊजी, राग नंतर. ऋतुजा ऐक, मुलाखतीला सगळी पोरं म्हणतात मला लहानपणापासून गरिबांना मदत करायची आवड आहे. समोरचे दिवसभर तेच ऐकून कंटाळलेले असतात. तू हे सांग. चुकीचा कागद सांगितला, दोन खाडे पडले, मग काय कळलं. बाईंचं काम, आजार, गाव सगळं काढून टाक, खाडा तेवढा ठेव. आणि रडून नको सांगू, "मी त्यांचे प्राण वाचवले" असंपण नको, वाचवले त्या मॅडमनी आणि पिवळ्या कार्डानं.

उद्देशपत्र, म्हणजे हा कोर्स का करायचा ते, लिहायला लावतात काही ठिकाणी, त्यातपण हेच. पानभर समाजाची दुर्दशा वगैरे लिहू नकोस.

ऋतुजा माने: काकी मी आधीच लिहून ठेवलंय, पहिलं वाक्य "भारत हा खेड्यांचा देश आहे"

शिंदे वहिनी (सी-१०३): खोड ते आधी

जोशी सर (ए-२०२): का? वाक्य चांगले आहे.

पिंटू (ए-१०१): सर दहावीच्या निबंधात मी पण तेच टाकलेलं, ३५ पडले

माने (बी-३०४): कॉलेजं कुठली हायत? पुण्या-मुंबईलाच जायाला लागतंय का

शिंदे वहिनी (सी-१०३): नाही, कोल्हापुरातच सायबर कॉलेजला एमएसडब्ल्यू आहे, युनिव्हर्सिटी रोडवर. मी तिथलीच. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, १९६३ ची. मुंबईला निर्मला निकेतन, १९५५ चं. आणि मुंबईचंच टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, ते सगळ्यात जुनं, १९३६ ला सुरू झालं, तिथं पदवीचं नाव एमए सोशल वर्क असतं म्हणून गोंधळू नका. त्यांचा तुळजापूरलापण कॅम्पस आहे, ग्रामीण विकासात रस असेल तर बघ. टिसला सीयुईटी पीजी ही देशभरातली प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फॉर्म साधारण डिसेंबरात सुटतो आणि परीक्षा मार्चच्या आसपास. ७५ प्रश्न, ३०० मार्क, बरोबरला ४, चुकलं की १ वजा. म्हणजे तुक्के मारू नको. कुठल्या कोर्सला कुठला पेपर कोड लागतो ते त्यांच्या पत्रकात बघून मगच भर, कोड चुकला की सगळा अभ्यास पाण्यात. प्रत्येक कॉलेजची पद्धत वेगळी, यंदाचं यंदाच बघायचं.

पेपर रोज वाच, पण हेडलाइन नको. योजना आली की तीन प्रश्न विचार, कुणाला मिळते, कागद काय लागतात, कोण वगळलं जातं.

आणि भाऊजी तुम्हाला सांगते, हा कोर्स वर्गात बसून होत नाही. आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क, कुठं झोपडपट्टीत, कुठं सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात, कुठं गुन्ह्यात सापडलेली अल्पवयीन पोरं ठेवतात त्या निरीक्षणगृहात. आल्यावर रिपोर्ट लिहायचा, मग सर बसवून विचारतात, तू तिथं गप्प का राहिलीस, तुला राग का आला. त्याला आयसी म्हणतात, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. मी पहिल्या आयसीत रडलेले. खेड्यात कॅम्प असतो, शेवटी महिनाभर ब्लॉक प्लेसमेंट, ती बाहेरगावीपण असू शकते. घरी यायला उशीर होणार, फोन करून करून पोरीचं डोकं खाऊ नका.

माने (बी-३०४): फीचं काय

शिंदे वहिनी (सी-१०३): कॉलेजात जाऊन विचारा, खासगी आणि अनुदानितात फरक असतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर, सरकारचं पोर्टल आहे ते. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला घाला, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. तुमचा तरी खाडा पडत नाही, पगारी रजा आहे.

माने (बी-३०४): 🙂

पिंटू (ए-१०१): काकी मला पण सांगा की काय कोर्स

शिंदे वहिनी (सी-१०३): तू आधी स्प्लेंडर हलव, तुझ्याच मामाची आहे ती

सेक्रेटरी: धन्यवाद वहिनी. मी चार महिने शोधत होतो.

ऋतुजा माने: काकी रविवारी येऊ का लिहिलेलं घेऊन?

शिंदे वहिनी (सी-१०३): ये सकाळी. पण त्याआधी त्या बाईंना विचार, तुमची गोष्ट मुलाखतीत सांगितली तर चालेल का. नाही म्हणाल्या तर दुसरी शोधू.

ऋतुजा माने: आणि हो म्हणाल्या तर?

शिंदे वहिनी (सी-१०३): तरी गिरणी लिहायची नाही.

माने वहिनी (बी-३०४): ऋतु, त्या फॉर्मला माझा नंबर टाकलायस काय? ओटीपी आलाय आत्ता. तुझे पप्पा विचाराल्यात सांगू का नको, मी सांगितलं त्यांनीच विचारून घ्यावं. सहा आकडे हायत, खोलीत ये, ग्रुपवर टाकत न्हाई.