रिलीफ पिचरची कारकीर्द मोजायची कशी? (रिव्हेरा, सेव्ह आणि बाकी हिशेब)

गल्लीतला_स्लिप

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर (चेंडू टाकणारा) तो स्टार्टर, आणि त्याच्या जागी मध्येच येणारा तो रिलीफ पिचर किंवा रिलीव्हर. असाच रिलीव्हर असलेल्या मारियानो रिव्हेराला २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (महान खेळाडूंच्या सन्मान-यादीसाठी) ४२५ पैकी ४२५ मतं पडली. बेब रूथ, विली मेज, हँक आरन यांपैकी कुणाच्याही वाट्याला हे आलं नव्हतं. पण आकडे बघितले तर १९ मोसमांत मिळून १२८३ इनिंग (इथे एक इनिंग म्हणजे तीन आउट, आणि सामना नऊ इनिंगचा). चांगला स्टार्टर एवढ्या इनिंग सहा-सात वर्षांत टाकून मोकळा होतो. ६५२ सेव्ह आहेत, पण सेव्ह म्हणजे बऱ्याचदा आघाडी हातात असताना शेवटचे तीन आउट काढणं. क्रिकेटच्या सवयीने बघणाऱ्याला हे पचत नाही. सेव्हला नेमकी किती किंमत द्यावी? जवळपास एकाच प्रकारच्या चेंडूवर हा माणूस इतकी वर्षं टिकला कसा? आणि या कामाला लोक येतात कुठून?

नववी_इनिंग

आधी सेव्हचा नियम. १९६९ पासून ही अधिकृत नोंद आहे. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्त्झमन यांची ही कल्पना. पिचरने सामना संपवलेला हवा, संघ जिंकलेला हवा, आणि विजय त्याच्या स्वतःच्या नावावर लागलेला नसावा. यानंतर तीनपैकी एक अट पुरे. एक, आघाडी तीन धावांची किंवा कमी असताना येऊन किमान एक पूर्ण इनिंग टाकणं. दोन, बरोबरीची धाव बेसवर, बॅटिंगला किंवा त्यानंतरच्या बॅटरच्या रूपात तयार असताना येणं. तीन, शेवटच्या किमान तीन इनिंग नीट टाकणं, मग आघाडी कितीही असो.

या तिसऱ्या अटीमुळे २२ ऑगस्ट २००७ ला टेक्सासने बाल्टिमोरला ३०-३ हरवलं तेव्हाही वेस लिटलटनच्या नावावर सेव्ह लागला. सत्तावीस धावांचा विजय 'वाचवला'! नवव्या इनिंगच्या सुरुवातीला तीन धावांची आघाडी असेल तर संघ ९५ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतोच, समोर कुणीही पिचर आणा. म्हणून तुमची शंका रास्त आहे. सेव्ह हा पिचरचा आकडा कमी आणि मॅनेजरने त्याला कधी बोलावलं याचा आकडा जास्त.

पण रिव्हेराला मतं सेव्हवर मिळालेली नाहीत, निदान माझ्या मते नाहीत. ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे क्षेत्ररक्षणाच्या चुकीविना दिलेल्या धावा (अर्न्ड रन), २.२१, आणि काळ व मैदान यांचा हिशेब लावून काढलेला ईआरए-प्लस २०५. तिथे १०० म्हणजे सरासरी, जास्त तितका चांगला. हजार इनिंगच्या वर टाकलेल्यांत इतका आकडा कुणाचाच नाही. आणि प्लेऑफ बघा: ९६ सामने, १४१ इनिंग, ११ अर्न्ड रन, ईआरए ०.७०. अख्ख्या प्लेऑफ कारकिर्दीत होमरन दोन. समोर त्या वर्षीचे सगळ्यात चांगले संघ, आणि मॅनेजर त्याला बरेचदा आठव्या इनिंगपासूनच उतरवायचा. बाकीचा हिशेब यापुढे दुय्यम आहे.

शिवण१०८

आता कटरबद्दल, म्हणजे रिव्हेराच्या त्या एकाच प्रकारच्या चेंडूबद्दल. १९९७ च्या जूनमध्ये रामिरो मेंदोझाबरोबर नुसतं कॅच खेळताना रिव्हेराचा चेंडू आपोआप डावीकडे सरकायला लागला. पिचिंग कोच मेल स्टॉटलमायर आणि बुलपेनचा (रिलीव्हर तयारी करतात त्या जागेचा) कॅचर यांनी आधी तो *सरळ करण्याचा* प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून ठेवून दिला.

पकड फोर-सीम (साध्या, सरळ) फास्टबॉलचीच, बोटं शिवणींवर आडवी. फक्त तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटवून मध्यापासून किंचित बाहेर, आणि सुटताना दाब मधल्या बोटावर. मनगट वळवायचं नाही. शिकताना बरेच लोक इथेच फसतात. मनगट वळलं की तो अर्धवट स्लायडर होतो: वेग उतरतो, वळण मोठं पण लवकर दिसणारं येतं, आणि कोपरावर ताण पडतो. अंगठ्याची जागाही महत्त्वाची. २००८ च्या ऑल-स्टार सामन्यात रॉय हॅलडेने ती रिव्हेराकडून विचारून घेतली आणि बोटं कुठे टेकवायची त्याच्या खुणा चेंडूवर पेनाने करून ठेवल्या. प्रतिस्पर्ध्याला गुपित सांगितलं म्हणून यांकीजच्या, म्हणजे रिव्हेराच्या संघाच्या, खेळाडूंनी आपसात गमतीने रिव्हेराला दंड लावला, तो वेगळाच किस्सा.

हा चेंडू चालतो कशामुळे? फिरकी जवळपास साध्या फास्टबॉलसारखी दिसते. माऊंड (पिचरची जागा) ते प्लेट (बॅटरची जागा) १८.४४ मीटर, चेंडू पोचायला साधारण ०.४ सेकंद, आणि बॅटरला त्याच्या निम्म्यातच ठरवावं लागतं. सरकणं जाणवतं ते त्यानंतर, जेमतेम काही इंच. डावखुऱ्या बॅटरच्या बाबतीत ते इंच थेट हातांच्या दिशेने येतात, चेंडू बॅटच्या मुठीजवळच्या बारीक भागावर बसतो आणि लाकूड तुटतं. उजव्या हाताच्या पिचरला डावखुरे बॅटर सहसा सोपे खेळतात, इथे उलटं. दोन्ही हातांनी खेळणारे काही बॅटर रिव्हेरासमोर मुद्दाम उजवीकडून उभे राहायचे.

गंमत म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा पराभवही कटर *चांगला पडल्यामुळेच* झाला. २००१ वर्ल्ड सिरीज, सातवा सामना, ॲरिझोना, नववी इनिंग. २-१ ची आघाडी आधीच गेली होती. बंट (बॅटने हळूच टेकवलेला चेंडू) उचलून दुसऱ्या बेसकडे फेकताना त्याचाच थ्रो चुकला आणि पाठोपाठ टोनी वोमॅकने डबल (दोन बेसचा फटका) मारून बरोबरी केली. बेस भरलेले, म्हणून धाव रोखायला इनफिल्ड (जवळचे क्षेत्ररक्षक) पुढे ओढलेली. डावखुऱ्या लुइस गोन्झालेझला कटरने मुठीजवळ गाठलं, आणि चेंडू लुळा उडून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) मागे पडला. क्षेत्ररक्षण नेहमीच्या जागी असतं तर तो सोपा कॅच होता.

गल्लीतला_स्लिप

हे छान. सेव्हला किंमत नसेल तर मग संघ क्लोजरला (शेवटची इनिंग टाकणाऱ्या रिलीव्हरला) एवढे पैसे का मोजतात? आणि शेवटचा प्रश्न राहिला.

बुलपेनचा_फोन

लोक येतात ते स्टार्टर म्हणून जमलं नाही म्हणून. स्टार्टरला तेच बॅटर तीनदा दिसतात, त्यामुळे तीन-चार प्रकारचे चेंडू लागतात. दोनच धड असतील तर तिसऱ्या फेरीत मार पडतो. मग संघ त्याला बुलपेनमध्ये हलवतो: एक इनिंग, १५-२० चेंडू, सगळा जोर लावून, त्यामुळे वेगही वाढतो. रिव्हेराही असाच. १९९५ ला दहा सामने स्टार्टर, ईआरए ५.५१. १९९६ ला क्लोजर जॉन वेटलँडच्या आधीच्या इनिंग टाकणारा सेटअप मॅन म्हणून १०७ इनिंगच्या वर टाकल्या, ईआरए २.०९. वेटलँड टेक्सासला गेल्यावर १९९७ पासून क्लोजर. पुन्हा कधीच स्टार्ट नाही.

बिघडतं कुठे, तर आकड्यात न दिसणाऱ्या फेकीत. फोन वाजला, उठून वीसेक चेंडू टाकले, आघाडी वाढली, बसवलं. पुढच्या इनिंगला पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं. स्कोअरकार्डवर तो सामना खेळलेलाच नाही, पण खांद्याच्या हिशेबात खेळला. शहाणे कोच हे वहीत धरतात आणि सलग तिसऱ्या दिवशी शक्यतो बोलावत नाहीत. कोपराच्या आतला लिगामेंट गेला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया आणि १२ ते १८ महिने बाहेर.

पैशांचं: १७२ दिवस वरच्या संघाच्या यादीत राहिलं की सेवेचं एक वर्ष. पहिली तीन वर्षं बहुधा किमान पगार (२०२५ ला ७,६०,००० डॉलर), मग आर्बिट्रेशन (पगाराचा वाद लवादापुढे), सहा वर्षं भरल्यावर कुठल्याही संघाशी करार करायची मोकळीक. मधल्या काळात 'ऑप्शन' (खालच्या संघात पाठवायची मुभा) शिल्लक असलेल्या रिलीव्हरला ट्रिपल-ए (लगतची खालची पातळी) आणि वरचा संघ यांत सारखं हेलपाटायला लावतात. आर्बिट्रेशनमध्ये मात्र सेव्हच विकले जातात. यांकीजचा रिलीव्हर डेलिन बेटान्सेस सलग तीन वर्षं ऑल-स्टार होता, पण सातवी-आठवी इनिंग टाकायचा. २०१७ ला त्याने ५० लाख डॉलर मागितले, यांकीजनी ३० देऊ केले, निकाल ३० चा लागला. क्लोजर नाही, हेच त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं. उलट टोकाला क्लोजर एडविन डियाझ: २०२२ च्या हिवाळ्यात मेट्सकडून पाच वर्षांचे १०.२ कोटी डॉलर.

नववी_इनिंग

एक पुरवणी. रिलीव्हरचा नुसता ईआरए बघू नका. तो आला तेव्हा बेसवर असलेले धावपटू घरी पोचले तर ती धाव *आधीच्या* पिचरच्या खात्यात जाते. बॉक्स स्कोअरमध्ये इनहेरिटेड रनर्सचा वेगळा आकडा असतो: आले किती, त्यातले धावले किती. आठव्या इनिंगला दोन धावपटू आणि एक आउट असताना येणाऱ्याची खरी किंमत तिथे कळते. २०२० पासून किमान तीन बॅटरना चेंडू टाकावा लागतो किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे एका डावखुऱ्यापुरता बोलावलेला स्पेशालिस्ट जवळपास संपला. डावखुरा रिलीव्हर जेसी ओरोस्को १२५२ सामने खेळला, हा विक्रम आता कोण मोडणार?

गल्लीतला_स्लिप

आणि भारतातून कुणी?

बुलपेनचा_फोन

रिंकू सिंग, क्रिकेटवाला नव्हे. उत्तर प्रदेशचा डावखुरा भालाफेकपटू. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला आणि दिनेश पटेलला करारबद्ध केलं. रिंकू मुख्यतः रिलीव्हर म्हणूनच खेळला आणि सिंगल-ए (ट्रिपल-एच्याही खालची पातळी) पर्यंत पोचला. पुढे दुखापतींनी अडवलं आणि तो कुस्तीच्या करमणुकीत, डब्ल्यूडब्ल्यूईत गेला.