जनरल अरुण वैद्य यांची दोन महावीर चक्रे : मुलीच्या भाषणासाठी माहिती हवी

तुकोगंजकर (इंदूर) :
आमच्या मंडळात शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा आहे आणि माझ्या पुतणीने जनरल अरुण श्रीधर वैद्य यांचा विषय घेतला आहे. घरात ज्याला विचारावे तो १९८६ मधील पुण्यातल्या हत्येविषयीच बोलू लागतो. रणांगणावर त्यांनी काय केले, हे नेमके कोणी सांगत नाही. १९६५ आणि १९७१ या पाकिस्तानशी झालेल्या दोन्ही युद्धांत त्यांना महावीर चक्र (परमवीर चक्राखालोखालचे युद्धकालीन शौर्यपदक) मिळाले, एवढे आम्हांला ठाऊक आहे. पुतणीची शंका अशी की, १९७१ मध्ये ते ब्रिगेडियर होते; ब्रिगेडचा प्रमुख नकाशापुढे बसून आज्ञा देतो, मग त्याला शौर्यपदक कशाबद्दल?

महूकर :
शंका रास्त आहे आणि भाषण तिच्यावरच उभे करावे, असे मी सुचवीन.

१९६५ मध्ये वैद्य लेफ्टनंट कर्नल होते आणि डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट त्यांच्या हाताखाली होती. पंजाबच्या सीमेवरचे खेमकरण हातचे गेल्यावर आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून असल उत्तर आणि चीमा या गावांच्या परिसरात घोड्याच्या नालेच्या आकाराची संरक्षक फळी उभारली. समोरून येणाऱ्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांवर ९० मिलिमीटरची तोफ होती, तर डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले शर्मन होते. उघड्या मैदानात त्यांचा निभाव लागणे कठीण. म्हणून उंच उसाच्या आडोशाला थांबून, शत्रू अगदी माऱ्याच्या टप्प्यात येईपर्यंत तोफ डागायची नाही, हा संयम पाळावा लागला. पाणी सोडलेल्या शेतांत जड पॅटन रुतू लागले. ८ ते १० सप्टेंबरच्या या लढाईत पाकिस्तानने सुमारे शंभर रणगाडे गमावले.

१९७१ मध्ये पाकिस्तानातील शकरगढ भागात १६ वी स्वतंत्र चिलखती (म्हणजे रणगाड्यांची) ब्रिगेड त्यांच्याकडे होती. तिथे अडथळा होता तो खोलवर पेरलेल्या भूसुरुंगांचा. चक्रा आणि देहलरा येथील लढाईत ते मागच्या ठाण्यात थांबले नाहीत. सुरुंगांमधून काढलेल्या अरुंद वाटेपाशी स्वतः जाऊन त्यांनी रणगाडे पुढे काढले. पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. बसंतर नदीवर तर वाट पुरती मोकळी होण्याआधीच त्यांच्या ब्रिगेडमधील पूना हॉर्स या रेजिमेंटचे रणगाडे सुरुंगांतून पलीकडे गेले आणि त्यांनी प्रतिहल्ले मोडून काढले. याच लढाईत १६ डिसेंबरला पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले.

शिंदेछावणी :
माहिती उत्तम आहे, परंतु श्रेयाची वाटणी सांभाळावी. असल उत्तरला थर्ड कॅव्हलरी या दुसऱ्या रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे होते, आणि जीपवरच्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या, हलक्या) तोफेने पॅटन टिपणारे ग्रेनेडियर्स या पायदळ रेजिमेंटचे अब्दुल हमीदही होते. बसंतरला पूना हॉर्सचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांच्याकडे होते, आणि त्यांनाही महावीर चक्र मिळाले. मुलांच्या भाषणात एकच नायक सगळी लढाई जिंकतो, हे मला (परीक्षक म्हणून पुष्कळदा बसल्यामुळे असेल) फार खटकते. शिवाय दोनदा महावीर चक्र मिळवणारे वैद्य एकटे नाहीत. अशांची संख्या सहा आहे आणि त्यांत लडाखचे चेवांग रिंचेनही येतात.

तुकोगंजकर :
दोघांचाही आभारी आहे. हत्येचा उल्लेख करावा की टाळावा?

महूकर :
टाळू नये, पण दोन वाक्यांत आटोपावा : ऑपरेशन ब्लू स्टारच्या (१९८४ मधील सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या) वेळी ते सेनाप्रमुख होते आणि निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. उरलेल्या वेळातला मोठा भाग बसंतरला द्यावा. आणि शक्य असेल तर तिने फळ्यावर नदी, सुरुंगांचा पट्टा आणि त्यातली वाट अशा तीन रेघा काढून दाखवाव्यात.