कोंबडी आरवली तर? आपल्याकडचे शकुन-अपशकुन

काल संध्याकाळी धुळ्यात शेजारच्या अंगणात एक कोंबडी चक्क कोंबड्यासारखी आरवली आणि लहानपणचा दंडक आठवला, की आरवणारी कोंबडी घरात रात्र काढता कामा नये. आमच्या साक्री तालुक्यातल्या गावी अशा वेळी मालकिणीपेक्षा शेजारीच अधिक अस्वस्थ होत आणि दिवस मावळायच्या आत तिची मान कापली जाई. अपशकुन टळे, काळ्या मसाल्याचा रस्सा मात्र सगळे भुरकत. तुमच्याकडे काय मानत, ते जरूर लिहावे.

तापीकाठ: आमच्याकडे ती खातही नसत. खाणाऱ्याच्या घरात भांडण लागते असे आजी सांगे, त्यामुळे ती शिवेबाहेर सोडली जाई आणि पलीकडच्या गावाची मेजवानी होई.

जनावरांचा डॉक्टर: कोंबडीचे बहुधा डावेच अंडाशय काम करते. ते रोगाने निकामी झाले, तर उजवीकडची अविकसित ग्रंथी वाढून नर-संप्रेरके स्रवू शकते. मग तुरा मोठा होतो आणि कोंबडी आरवू लागते. अशी कोंबडी सहसा अंडी देत नाही, त्यामुळे तिला कापण्यात अपशकुनाइतकाच हिशेबही असावा.

चोपडेकर: आईचा सगळा जीव खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीवर असे. टोपलीत गव्हाचे भुसकट, त्यावर विषम संख्येतच अंडी आणि कडेला एक लोखंडी खिळा, कारण वीज कडाडली की अंडी नासतात, ही तिची ठाम समजूत होती. आठवडाभराने अंधाऱ्या खोलीत ती एकेक अंडे कंदिलासमोर धरी; आत लाल शिरांचे जाळे दिसले, तर ते परत टोपलीत जाई आणि कोरे दिसले, तर बाजूला. त्या वेळी खिळ्याची आठवणही तिला होत नसे!

नंदुरबारवासी: फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, तेव्हा आमच्या गल्लीत काहींनी दोष कुठल्याशा आरवलेल्या कोंबडीवर टाकला. ती कोणाची, हे कोणालाच सांगता येत नव्हते. धंदा बुडालेल्या माणसाला ते ऐकवत नव्हते, एवढे खरे.

साक्रीची लेक: उलट्या पिसांची कोंबडी मात्र आमच्याकडे मुद्दाम पाळत, कारण ती दारात असली की करणी बाधत नाही असे मानत. दिसायला इतकी विस्कटलेली असे, की मला तिचीच दया येई.

तापीकाठ: चोपडेकर, खिळा अजून चालू आहे. भावाने विजेवरचे उबवणी यंत्र आणले, तर आईने त्यातही खिळा ठेवायला लावला. तो इतकेच म्हणाला, ''माय, ठेव, पण तारेपासून लांब.''