मदत हवी आहे: कॉन्टेसासाठी क्राऊन-पिनियन ४.१ की ३.७?

मंडळी, चिपळूणला माझी १.८ लिटर इसुझू इंजिनाची कॉन्टेसा (हिंदुस्तान मोटर्सची जुनी गाडी) आहे. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टचं काम झालंय, टायर १९५/६० आर१५. मागच्या एक्सलमधल्या क्राऊनला (मोठं दातेरी चक्र) ४१ दात, पिनियनला (त्याला फिरवणारं छोटं चक्र) १०, म्हणजे गुणोत्तर ४.१. कुंभार्ली घाटात दुसऱ्या-तिसऱ्यावर अशी खेचते की मन भरतं! पण हायवेला ताशी १०० किमीला चौथ्यात (१:१, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाचे फेरे बदलत नाही) हिशोबाने इंजिन ३५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर जातं, पाचव्यातही गोंगाट थांबत नाही. ३.७ टाकलं तर आरपीएम ३२०० च्या आसपास येईल, पण प्रत्येक गिअरची ओढ दहा टक्के कमी होईल, आणि भर पावसात घाटातल्या वळणावर मला तीच लागते. ४.१ ठेवून पाचवा आणखी लांब (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी) असलेला गिअरबॉक्स बसवावा का? कुणी केलंय? बेलहाउजिंग (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कव्हर) आणि प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणारा दांडा) काय केलंत?