मदत हवी आहे: बजेट तूट दाखवतं, नेटवर्थ वाढलेलं दिसतं. हिशेब कुठे चुकतोय? (एकल पालक)

रेघोटी

घरात कमावणारी मी एकटी, मुलगी ९ वर्षांची. स्प्रेडशीटमध्ये दोन पानं ठेवते. एकावर महिन्याचं बजेट, दुसऱ्यावर नेटवर्थ, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या तारखेची सगळी मालमत्ता वजा सगळी देणी. दोन्ही पानं वेगवेगळी पाहिली तर ठीक वाटतात, एकत्र पाहिली की ताळा लागत नाही. मागच्या महिन्याचे आकडे देते. चलन मुद्दाम लिहीत नाही, त्याने फरक पडत नाही.

जमा: पगार ६०,०००. मुलीच्या खर्चापोटी तिच्या वडिलांकडून ठरलेले १०,००० (लिहिलेत, पण अजून आलेले नाहीत). एकूण ७०,०००.

खर्च: गृहकर्जाचा हप्ता १८,०००. क्रेडिट कार्डाचं मागचं बिल भरलं १२,०००. याच महिन्यात कार्डावर केलेली खरेदी ९,०००. मुलीच्या शिक्षणाच्या फंडात टाकले ५,०००. बँकेतून आणि रोखीने झालेला बाकी सगळा खर्च २७,०००. एकूण ७१,०००.

म्हणजे १,००० ची तूट. नेटवर्थ मात्र त्याच महिन्यात १४,५०० ने वाढलेलं. हप्त्याच्या १८,००० पैकी मुद्दल ७,००० आणि व्याज ११,००० आहे, हे कर्जखात्याच्या उताऱ्यावरून पाहिलंय.

प्रश्न असे. हा फरक कशामुळे? नेटवर्थमध्ये नक्की काय धरायचं आणि काय सोडायचं, विशेषतः मुलीच्या नावावरचे पैसे? आणि वर्षातून एकदाच येणारे मोठे खर्च आले की बजेट कोलमडतं, त्याची तजवीज कशी करावी? आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देता येत नाही.

जमाखर्ची

आकडे इतके नीट दिलेत की पूर्ण ताळा इथेच मांडता येतो.

तुमच्या खर्चाच्या यादीत तीन रकमा अशा आहेत ज्या खर्च नाहीत, नुसत्या एका खात्यातून दुसऱ्यात वर्ग झाल्या आहेत. मुद्दलाचे ७,००० बँकेतून गेले पण कर्जही तेवढंच उतरलं. कार्डाच्या बिलाचे १२,००० ही मागच्या खरेदीची परतफेड. ती खरेदी झाली तेव्हाच खर्चात लिहिली गेली होती, त्यामुळे आता ती दुसऱ्यांदा मोजली गेली. फंडातले ५,००० तुमच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. आणि जमेच्या बाजूला १०,००० असे आहेत जे आलेलेच नाहीत.

आता तुमच्या उणे १,००० पासून सुरुवात करा. न आलेले १०,००० वजा केले की उणे ११,०००. त्यात ७,०००, १२,००० आणि ५,००० परत मिळवा: १३,०००. ही या महिन्याची खरी बचत.

उलट बाजूने तपासा. बँक आणि रोख मिळून ६०,००० आले. १८,०००, १२,०००, ५,००० आणि २७,००० गेले, म्हणजे २,००० ने घट. फंडात ५,००० ची भर. कर्ज ७,००० ने कमी. कार्डाचं देणं १२,००० ने उतरलं आणि ९,००० ने चढलं, म्हणजे ३,००० ने कमी. उणे दोन, अधिक पाच, अधिक सात, अधिक तीन: १३,०००. जुळलं. उरलेले १,५०० बहुधा फंडाचा बाजारभाव वाढल्याचे. फंडाच्या उताऱ्यावर बघून खात्री करा.

कायमचा उपाय: नोंदवहीत प्रत्येक ओळीला तारीख, रक्कम, कुठल्या खात्यातून, कुठल्या खात्यात, प्रकार आणि शीर्षक असे सहा रकाने ठेवा. प्रकार फक्त तीन: जमा, खर्च, वर्ग. बजेटचं पान 'वर्ग' ओळींकडे बघणारच नाही असं सूत्र लावा (सम-इफ्स या अटींनुसार बेरीज करणाऱ्या सूत्रात प्रकार 'खर्च' ही एक अट आणि शीर्षक ही दुसरी). हप्ता नेहमी दोन ओळींत फोडायचा, व्याज 'खर्च' आणि मुद्दल 'वर्ग'. ही फोड दर महिन्याला बदलते, त्यामुळे कर्जाचं परतफेड वेळापत्रक एका पानावर उतरवून ठेवा आणि आकडे तिथून घ्या.

मग महिनाअखेरीला एकच समीकरण तपासायचं: नेटवर्थमधला बदल = जमा − खर्च + भावातला चढउतार. हे जुळलं तर दोन्ही पानं बरोबर. ज्यांना हे सूत्रांविना हवंय त्यांनी जीएनयूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर पाहावं. मोफत आहे, दुहेरी नोंद पद्धतीचं (प्रत्येक व्यवहार कुठून गेला आणि कुठे आला, दोन्ही लिहिणारं) आहे आणि एकच व्यवहार मुद्दल-व्याजात फोडायची सोय त्यात आहे. पण स्प्रेडशीट हाताला बसली असेल तर केवळ त्यासाठी बदलू नका.

नक्तमूल्य

काय धरायचं याबद्दल.

कसोटी साधी आहे: आज तुम्ही स्वतःच्या अधिकारात ही वस्तू विकू किंवा मोडू शकता का, आणि आल्यावर ते पैसे तुमचे असतील का? मुलीच्या स्वतःच्या नावावरचं खातं तुमचं नाही, तुम्ही फक्त पालक म्हणून सांभाळता. ते नेटवर्थच्या बेरजेत घेऊ नका. खाली वेगळ्या चौकटीत 'मुलीचे' म्हणून दाखवा. तिच्या शिक्षणासाठीचा फंड तुमच्या नावावर असेल तर तो बेरजेत येतो, पण त्याला वेगळी खूण करा. कारण पुढे 'हाताशी किती' हे काढताना तो वगळावा लागेल.

न आलेले १०,००० मालमत्तेत येणे म्हणून लिहायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे, लिहू नका. ज्या पैशाची तारीख तुमच्या हातात नाही तो जमा झाल्यावरच लिहायचा. थकबाकीची नोंद मात्र स्वतंत्र पानावर काटेकोर ठेवा: देय तारीख, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम, आल्याची तारीख, बाकी. पुढे कधी कायदेशीर विचारणा करायची वेळ आली तर हेच पान लागतं, आणि ते महिन्याच्या महिन्याला भरलेलं असलं की त्याला वजन असतं.

घराची किंमत वर्षातून एकदाच बदला आणि जपून लावा. शेजारच्या घराची जाहिरातीतली किंमत म्हणजे विक्रीची किंमत नव्हे. गाडी आज विकली तर जे येईल तेच. फर्निचर, कपडे, भांडी शून्य धरा. विम्याचं संरक्षण ही मालमत्ता नाही, पण पॉलिसी मोडल्यास हाती येणारी रक्कम असेल तर ती आहे. निवृत्तीचा निधी धरायचा, मात्र आज काढता येत नाही म्हणून वेगळ्या गटात. देण्यांमध्ये कार्डाची बाकी बिलावरची न घेता महिन्याच्या शेवटच्या दिवसाची घ्या. बिलाची तारीख मध्येच कुठेतरी असते, आणि तिथेच अनेकांचा ताळा फसतो.

तजवीज

वार्षिक खर्चाचं. बहुतेक जण रक्कम भागिले १२ करतात, आणि पहिल्याच वर्षी गोत्यात येतात, कारण खर्च बारा महिन्यांनी येणार नसतो, चार महिन्यांनीच येणार असतो.

समजा शाळेची वार्षिक फी २४,००० आहे, ती भरायला ४ महिने आहेत आणि बाजूला ४,००० जमलेत. भागिले १२ केलंत तर महिना २,००० टाकाल आणि फीच्या दिवशी १२,००० हातात असतील, १२,००० कमी. बरोबर सूत्र: (लागणारी रक्कम − जमलेली) ÷ उरलेले महिने. म्हणजे २०,००० ÷ ४ = ५,००० दरमहा. फी भरून झाली की पुढच्या वर्षासाठी ते आपोआप २,००० वर येतं. पहिलं वर्ष जड जातंच. झेपत नसेल तर आत्ताच शाळेला हप्त्यांबद्दल विचारा, आदल्या आठवड्यात नको.

अशा प्रत्येक खर्चाची एक ओळ करा: नाव, रक्कम, देय महिना, जमलेली, दरमहा. विम्याचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग, चष्मा, सुट्टीतल्या पाळणाघराची फी, वाढत्या मुलीचे बूट. बूट यात हास्यास्पद वाटतील, पण 'अचानक' म्हणून येणारे निम्मे खर्च असेच ठरलेले असतात. पैसे बचत खात्यात एकत्र असले तरी चालतं. कुठल्या ओळीचे किती हे शीटमध्ये असलं की पुरे. फक्त सगळ्या ओळींची बेरीज खात्यातल्या शिल्लकेपेक्षा जास्त होता कामा नये.

दुसरं, बजेट निव्वळ ६०,००० वर बांधा. मुलीच्या वडिलांकडून येणारी रक्कम या महिन्यात आली तर ती पुढच्या महिन्यासाठी वापरायची. एक महिना चुकला तर पूर्ण महिनाभर आधी कळतं.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला वीस मिनिटं नोंदी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी चाळीस मिनिटं ताळा. नेटवर्थ रोज बघू नका. फंडाचा भाव रोज हलतो आणि त्यातून काहीच ठरवता येत नाही.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन प्रकारांत नोंदी पुन्हा केल्या. फंडाच्या उताऱ्यावर भाववाढ १,५०० च निघाली आणि तो महिना तंतोतंत जुळला. पण त्याच्या आदल्या महिन्यात ६०० चा फरक राहतोय: नोंदींप्रमाणे बचत जेवढी दिसते त्यापेक्षा नेटवर्थ ६०० ने जास्त वाढलंय. सोडून द्यावं का?

आणखी एक. बँकेत १,३२,००० साठलेत, वार्षिक खर्चांचे पैसे सोडून. त्यातले ५०,००० टाकून गृहकर्ज कमी करावं असं मनात आहे. व्याज जातंच आहे. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरते.

जमाखर्ची

सोडू नका, ६०० सापडण्यासारखे आहेत. आधी फरक २ ने भागा: ३००. एखादी नोंद उलट्या बाजूला पडली की फरक रकमेच्या दुप्पट येतो. तेव्हा बरोबर ३०० ची नोंद शोधा, आणि पहिल्यांदा कार्डावरचे परतावे बघा. वस्तू परत केल्याचे ३०० चुकून खर्चात लिहिले गेले तर अगदी असाच फरक पडतो. दुसरी युक्ती: फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, जसं ५४० च्या जागी ४५०. इथे ९ ने भाग जात नाही, म्हणून ती शक्यता मागे ठेवा. यातून काही निघालं नाही तर एटीएममधून काढलेली रोकड खर्चात टाकलीय का पाहा. ती 'वर्ग' आहे, बँकेतून पाकिटात. पाकिटातली रोकड महिनाअखेरीला मोजायची आणि जो काही छोटा फरक निघेल तो 'रोख फरक' या शीर्षकाखाली लिहायचा.

नक्तमूल्य

कर्जात ५०,००० टाकायचा निर्णय नेटवर्थच्या आकड्यावरून घेऊच नका, कारण त्या दिवशी तो आकडा जराही हलणार नाही. बँकेत ५०,००० कमी, कर्ज ५०,००० कमी. पुढे व्याज वाचेल हे खरं, पण जे बदलतं ते या बेरजेत दिसतच नाही.

त्यासाठी दुसरा आकडा ठेवा: किती महिने निभेल. इथे खर्च न मोजता खात्यातून प्रत्यक्ष बाहेर जाणारे पैसे मोजायचे. पगार थांबला तरी हप्त्यातलं मुद्दल बँक मागणारच, म्हणून १८,००० पूर्ण धरा. तुमच्या ३६,००० पैकी (कार्डावरचे ९,००० धरून) टाळता न येणारे २६,००० असतील असं समजू. एकूण ४४,०००. १,३२,००० ÷ ४४,००० = ३ महिने. कर्जात ५०,००० टाकल्यावर उरतात ८२,०००, म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत.

दोन पगारांच्या घरात एक थांबला तर दुसरा असतो. तुमच्याकडे तो नाही, आणि मुलगी आजारी पडली तर सुट्टीही तुम्हालाच घ्यावी लागते. मी सहा महिने, म्हणजे २,६४,००० होईपर्यंत कर्जाला हात लावणार नाही. कर्जात गेलेला पैसा गरजेच्या दिवशी परत मागता येईलच असं नाही. तुमच्या करारात जादा भरलेली रक्कम पुन्हा काढायची सोय असेल तर गणित बदलतं. ते कलम आधी वाचा, आणि मुदतीआधी भरण्यावर दंड आहे का तेही.

तजवीज

वरच्या हिशेबाला पूर्ण पाठिंबा. एक भर: ही शीट तुमच्याशिवाय कुणालाच उघडता येत नसेल तर ती अर्धीच आहे. तुम्हाला आठवडाभर रुग्णालयात राहावं लागलं तर मुलीकडे बघणाऱ्या व्यक्तीला काय लागेल, त्याचं एक छापील पान करा. कुठल्या बँकांत खाती (खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरेत), विमा पॉलिसी कुठे ठेवल्यात, कुठले हप्ते आपोआप कापले जातात आणि कितव्या तारखेला, शाळेचा आणि डॉक्टरांचा फोन, मृत्युपत्र कुठे आहे. पासवर्ड त्या पानावर लिहू नका. प्रत्येक खात्यावर नॉमिनी कोण आहे तेही तपासा, जुन्या खात्यांवर जुनीच नावं राहिलेली असतात. मुलगी अज्ञान असेपर्यंत तिच्या वाट्याचे पैसे कोण सांभाळणार हे मृत्युपत्रात नाव घालून लिहावं लागतं, आणि त्याचे नियम जागोजागी वेगळे असल्याने वकिलाकडून एकदा बघून घ्या.

रेघोटी

सापडलं. परत केलेल्या दप्तराचे ३०० खर्चात लिहिले होते. कर्जाचं सध्या थांबवते. करारात जादा रक्कम परत काढायची सोय नाही, आत्ताच वाचलं. छापील पान या रविवारी करते. त्यात अजून काही हवं असेल तर इथेच सांगा.

जमाखर्ची

शीटची प्रत कुठे आहे तेही लिहा, आणि महिनाअखेरीचा ताळा जुळला की त्या दिवशीची एक प्रत तारीख घालून वेगळी ठेवा. पुढे कधी सूत्र बिघडलं तर शेवटची जुळलेली प्रत उघडून तिथून पुढचंच तपासावं लागतं.